परदेशातील इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक्रम : नोकरीची हमी कोण देऊ शकतो?

व्यापारी घरांतील पुढची पिढी आता केवळ दुकानाच्या गादीपुरता विचार करीत नाही. बी.कॉम. झालेला मुलगा किंवा इंग्रजी विषय घेऊन बी.ए. झालेली मुलगी चार-दोन वर्षे बाहेरचे जग पाहण्याची, स्वतःच्या कमाईवर राहून पाहण्याची इच्छा घरात बोलून दाखवते. अशा तरुणांसमोर सध्या एक वाट वारंवार मांडली जाते : बँकॉक, चिआंग माई, हनोई किंवा हो ची मिन्ह सिटी येथे चार आठवड्यांचा इंग्रजी अध्यापनाचा अभ्यासक्रम करा आणि लगेच तिथल्याच शाळेत नोकरीला लागा. माहितीपत्रकात समुद्रकिनारा असतो, हसणारी मुले असतात आणि ठळक अक्षरांत ‘नोकरीची शंभर टक्के हमी’ असते. शुल्क, विमानभाडे आणि राहण्याचा खर्च धरला तर रक्कम काही लाखांपर्यंत सहज पोहोचते.

हा व्यवसाय मुळात खोटा नाही. आग्नेय आणि पूर्व आशियात इंग्रजी शिकण्याची मोठी मागणी आहे, प्रामाणिकपणे शिकविणाऱ्या संस्था आहेत आणि भारतीय तरुणही तेथे सन्मानाने काम करीत आहेत. मात्र या व्यवहारात दोन निराळ्या वस्तू एकाच पुडक्यात बांधून विकल्या जातात. पहिली वस्तू शिक्षण, दुसरी नोकरी. शिक्षण देणे संस्थेच्या हातात असते. नोकरी देणारी शाळा वेगळी असते आणि परदेशी माणसाला काम करण्याचा परवाना देणारे सरकार त्याहूनही वेगळे असते. जो माल विक्रेत्याच्या ताब्यात नाही त्याचा सौदा किती भरवशाचा, हे व्यापारी घराला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणूनच या दोन्ही वस्तू सोडवून, निरनिराळ्या तराजूंत तोलल्या पाहिजेत.

प्रमाणपत्राची पारख

इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना ती कशी शिकवावी याचे छोटे पण कसून घेतलेले प्रशिक्षण ही कल्पना जुनी आहे. लंडनच्या ‘इंटरनॅशनल हाऊस’ या संस्थेत जॉन हेक्राफ्ट यांनी १९६२ मध्ये असा पहिला अल्पमुदतीचा वर्ग घेतला. पुढे या प्रशिक्षणाची परीक्षा प्रथम रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सकडे आणि १९८८ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे गेली. आज ‘सेल्टा’ या नावाने ओळखले जाणारे प्रमाणपत्र ते हेच. त्याच्या तोडीचे दुसरे प्रमाणपत्र म्हणजे ट्रिनिटी कॉलेज लंडनचे ‘सर्टटेसोल’.

या दोन्हींचे मोल कशात आहे, ते नीट समजून घेतले पाहिजे. सेल्टामध्ये किमान १२० तासांचे प्रशिक्षण असते, सर्टटेसोलमध्ये किमान १३० तासांचे. दोन्हींत उमेदवाराला खऱ्या विद्यार्थ्यांपुढे उभे राहून एकूण सहा तास शिकवावे लागते आणि प्रशिक्षक वर्गाच्या मागे बसून ते तपासतात. शिवाय संस्थेच्या बाहेरून नेमलेला परीक्षक येऊन संस्थेचे मूल्यमापन नियमानुसार होते की नाही, हे पाहतो. इंग्लंडमधील परीक्षांवर देखरेख करणाऱ्या ‘ऑफक्वॉल’ या सरकारी संस्थेच्या नोंदवहीत ही प्रमाणपत्रे पाचव्या स्तरावर आहेत. ती नोंदवही इंटरनेटवर कोणालाही पाहता येते.

याउलट ‘टेफल’ हे कोणा एका परीक्षेचे नाव नाही. परक्या भाषेच्या रूपात इंग्रजी शिकविणे एवढाच त्याचा अर्थ. या नावाने प्रमाणपत्र देणाऱ्यांवर देखरेख ठेवणारी एकच एक जागतिक संस्था अस्तित्वात नाही. त्यामुळे ‘१२० तास’ हा आकडा उचलून, एकाही विद्यार्थ्यासमोर उभे न करता, घरबसल्या काही प्रश्नांची उत्तरे लिहून घेऊनही प्रमाणपत्र देता येते. ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त’ हे शब्दही तितकेच सैल आहेत, कारण मान्यता देणारी संस्था ही पुष्कळदा दुसरी खासगी कंपनीच असते. ‘पाचवा स्तर’ असे लिहिलेले असले तरी त्यावरून अभ्यासक्रमाची काठिण्यपातळी कळते. प्रत्यक्ष शिकविण्याचा सराव किती मिळाला, हे त्यावरून कळत नाही.

सराफी व्यवसायातील घरांना यातले मर्म चटकन उमगेल. दागिन्यावर पेढीचा स्वतःचा शिक्का कितीही सुबक असला तरी हॉलमार्कचे काम तो करीत नाही. सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांक तपासून ग्राहक आज सोन्याची खातरजमा करतो. प्रमाणपत्राच्या बाबतीतही शिक्का कोणाचा, तो देणारा संस्थेपासून स्वतंत्र आहे काय आणि त्याची नोंद तिसऱ्या ठिकाणी तपासता येते काय, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. सेल्टाचा अभ्यासक्रम आता पूर्णपणे ऑनलाइनही उपलब्ध आहे आणि त्यातही खऱ्या विद्यार्थ्यांना शिकविण्याचा सराव असतो. म्हणजे केवळ प्रमाणपत्रासाठी परदेशी जाणे आवश्यक उरलेले नाही. परदेशातील वर्गाचे शुल्क अधिक असेल तर त्या जास्तीच्या पैशांत नेमके काय मिळते, याचा खुलासा मागितला पाहिजे.

हमीचे चार प्रकार

जाहिरातींमधील नोकरीविषयक शब्द वरवर सारखे दिसतात, पण त्यांचे अर्थ फार वेगळे असतात. ‘नोकरीसाठी साहाय्य’ म्हणजे सामान्यतः अर्ज कसा लिहावा याचा एक तास आणि शाळांच्या पत्त्यांची यादी. ‘आजीवन मार्गदर्शन’ म्हणजे पाठविलेल्या ई-मेलला उत्तर मिळेल एवढेच. ‘मुलाखतीची हमी’ म्हणजे मुलाखत होईल, निवड होईलच असे नाही. ‘नोकरीची हमी’ हा सर्वांत वजनदार शब्द, पण त्याच्याखाली बारीक अक्षरांत ‘पात्र उमेदवारांसाठी’ असे लिहिलेले असते आणि ती पात्रता ठरविणारे कलम दुसऱ्याच पानावर असते.

हमी खरी आहे की नाही, याची कसोटी सोपी आहे. नोकरी न मिळाल्यास शुल्क परत मिळेल काय, किती मिळेल आणि किती दिवसांत मिळेल, हे करारात लिहिलेले असावे. ‘नोकरी’ कशाला म्हणायचे, हेही त्यात हवे. आठवड्याला सहा तासांचे शिकवणीचे काम देऊन हमी पूर्ण झाली असे म्हणणारा करार कागदावर खोटा ठरत नाही, पण त्यावर कोणाचे घरभाडे भागत नाही.

नोकरी मिळवून देण्याचे पैसे कोण देतो, हेही पाहावे. या क्षेत्रात शिक्षक पुरविणाऱ्या दलालांना सामान्यतः शाळाच मोबदला देतात. तोच मोबदला उमेदवाराच्या शुल्कातूनही घेतला जात असेल, तर एकाच सौद्यावर दोन्ही बाजूंकडून दलाली घेतली जात आहे. ज्याला शाळेकडून पैसे मिळतात तो उमेदवाराच्या हितासाठी शाळेशी भांडेल, ही अपेक्षाही मग माफकच ठेवावी.

पासपोर्टचा रंग आणि कायद्याचे कलम

हमीची खरी परीक्षा येथे होते. हे अभ्यासक्रम बहुधा अमेरिका किंवा ब्रिटनच्या नागरिकांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेले असतात आणि त्यांचीच माहितीपत्रके भारतातही वाटली जातात. परंतु अनेक देशांत शिक्षकाच्या व्हिसाचे नियम नागरिकत्वाप्रमाणे बदलतात.

दक्षिण कोरियाचा ई-२ हा भाषाशिक्षकाचा व्हिसा इंग्रजीसाठी अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांना दिला जातो. भारत आणि कोरिया यांच्यात २०१० पासून अंमलात असलेल्या व्यापक आर्थिक करारामुळे भारतीयांना शाळेतील साहाय्यक इंग्रजी शिक्षक म्हणून वाट उघडलेली आहे, मात्र तिथे पदवीबरोबर शिक्षकाची अधिकृत पात्रताही लागते. चार आठवड्यांचे प्रमाणपत्र तिची जागा घेऊ शकत नाही. चीनमध्ये भाषाशिक्षकाने आपली मातृभाषा शिकवावी असा धोरणाचा रोख आहे. जपानमध्ये मातृभाषेव्यतिरिक्त अन्य भाषा शिकविणाऱ्याने ती भाषा माध्यम असलेल्या शिक्षणाची किमान १२ वर्षे पूर्ण केलेली असावीत, अशी अट आहे. मराठी किंवा गुजराती माध्यमात शिकून पुढे महाविद्यालयात उत्तम इंग्रजी कमावलेल्या मुलीला ही अट आड येते, आणि ती कोणत्याही अभ्यासक्रमाने दूर होत नाही.

थायलंड आणि व्हिएतनाम येथे दार तुलनेने अधिक उघडे आहे, पण तेही अटींविना नाही. थायलंडमध्ये शाळेतील नियमित नोकरीसाठी पदवी, ‘नॉन-इमिग्रंट बी’ व्हिसा, कामाचा परवाना आणि तेथील शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती सूट लागते. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांकडून सामान्यतः ‘टोइक’ परीक्षेत किमान ६०० गुण मागितले जातात. व्हिएतनाममध्ये पदवी, अध्यापनाचे प्रमाणपत्र, पोलीस पडताळणी आणि आरोग्य तपासणी यांवर कामाचा परवाना मिळतो. यातील पोलीस पडताळणीचा दाखला पासपोर्ट कार्यालयाकडून घ्यावा लागतो आणि पदवीच्या कागदांवर शासकीय प्रमाणीकरण करून घ्यावे लागते. या कामांना आठवडे लागतात. ते भारतात असतानाच उरकणे सोयीचे असते, परदेशात बसून करणे जिकिरीचे.

पदवी नसलेल्या, केवळ बारावी झालेल्या उमेदवारालाही काही संस्था प्रवेश देतात, कारण अभ्यासक्रमाला पदवीची अट नसते. नोकरीच्या परवान्याला मात्र असते. तसेच अनेक खासगी केंद्रे ‘मूळ इंग्रजी भाषक’ हवा असे सांगून प्रत्यक्षात गोऱ्या चेहऱ्याला पसंती देतात आणि इतरांना कमी वेतन देऊ करतात. हा अन्याय आहे, परंतु हिशेब मांडताना तो वगळून चालत नाही. म्हणून संस्थेला एकच प्रश्न नेमका विचारावा : गेल्या दोन तुकड्यांमध्ये भारतीय पासपोर्टवर आलेले किती विद्यार्थी होते आणि त्यांपैकी आज किती जण कामाच्या परवान्यावर नोकरी करीत आहेत?

‘आधी या, कागद नंतर करू’

सर्वांत धोक्याचे वाक्य हे आहे. पर्यटक व्हिसावर येण्यास सांगायचे, अभ्यासक्रम पुरा करायचा, मग नोकरी लागल्यावर व्हिसा बदलून देऊ असे आश्वासन द्यायचे, ही पद्धत बरीच रूढ आहे. काहींचे कागद खरोखर होतातही. ज्यांचे होत नाहीत ते परवान्याविना शिकवू लागतात आणि तपासणीत सापडल्यास दंड, हद्दपारी आणि पुन्हा प्रवेशबंदी यांची टांगती तलवार त्यांच्यावर राहते. शाळा वेतन बुडवू लागली तरी ते तक्रार करू शकत नाहीत, कारण तक्रार करणे म्हणजे स्वतःच गुन्ह्याची कबुली देणे होय.

याहून भीषण शक्यताही दृष्टीआड करता येत नाही. थायलंडमध्ये चांगल्या पगाराची नोकरी सांगून भारतीय तरुणांना म्यानमारच्या म्यावाडी भागात नेले जाते आणि तेथे सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपले जाते, असे प्रकार उघडकीस आल्यावर भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर सावधगिरीची सूचना दिली. मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमाभागातून ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. त्या जाहिराती शिक्षकांच्या नोकरीच्या नव्हत्या, डिजिटल विक्री आणि संगणकाच्या कामाच्या होत्या. पण पर्यटक व्हिसा, समाजमाध्यमावरील जाहिरात, घाईची निवड आणि न तपासलेला मालक ही साखळी तीच आहे.

भारतीय कायद्याने यासाठी एक संरक्षण दिलेले आहे, त्याचा उपयोग फारसा होत नाही. उत्प्रवास अधिनियम, १९८३ नुसार परदेशातील नोकरीसाठी भरती करणाऱ्या दलालाने सरकारकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. नोंदणीकृत दलालांची यादी ‘ई-मायग्रेट’ या शासकीय संकेतस्थळावर पाहता येते. नोकरीसाठी येणाऱ्या उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी आहे. १८ टक्के कर धरून ती ३५,४०० रुपये होते. भारतात बसून कोणी ‘अभ्यासक्रम आणि नोकरी’ असा एकत्रित करार करीत असेल, तर त्यातील शिक्षणाचे शुल्क किती, नोकरीचे किती आणि नोंदणी क्रमांक कोणता, हे लेखी मागण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. ‘आम्ही फक्त शिक्षण देतो’ असे उत्तर आले, तर जाहिरातीतील हमीचा अर्थ तिथेच स्पष्ट होतो.

खरी नोकरीही बुडू शकते

सर्व कागद चोख असूनही बाजार बदलतो. जपानमधील ‘नोव्हा’ ही इंग्रजी संभाषणवर्गांची सर्वांत मोठी साखळी. विद्यार्थ्यांकडून पुढच्या शेकडो तासिकांचे पैसे आगाऊ घेण्याची तिची पद्धत होती. करार रद्द करणाऱ्यांना पैसे परत करण्यावरून वाद झाले, सरकारने २००७ च्या जूनमध्ये कंपनीवर निर्बंध घातले आणि ऑक्टोबरमध्ये ती कोलमडली. हजारो परदेशी शिक्षकांचे वेतन थकले आणि कंपनीने दिलेल्या घरांतून बाहेर पडण्याची वेळ अनेकांवर आली. चीनमध्ये जुलै २०२१ मध्ये शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर सरकारने कडक बंधने आणली आणि परदेशात बसलेल्या शिक्षकांकरवी चिनी मुलांना ऑनलाइन शिकविण्याचा मोठा व्यवसाय अल्पावधीत आटला.

यातून घ्यायचा धडा घाबरण्याचा नाही, गंगाजळीचा आहे. परतीचे विमानभाडे आणि किमान तीन महिन्यांचा खर्च उमेदवाराच्या स्वतःच्या खात्यात असावा. राहण्याची जागा शाळेच्या मालकीची असेल तर नोकरी सुटल्यावर किती दिवस राहता येईल, हे करारात पाहावे.

ताळेबंद मांडताना

वेतनाचा आकडा महिन्याचा आहे की तासाचा, हे प्रथम विचारावे. तासाचा असेल तर वर्गात शिकविलेलेच तास मोजले जातात. तयारीचा, तपासणीचा आणि प्रवासाचा वेळ धरला जात नाही. व्हिएतनाममध्ये जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या ‘तेत’ या नववर्षाच्या सुट्टीत, तसेच थायलंडमध्ये मार्च ते मेच्या मध्यापर्यंतच्या शालेय सुट्टीत वेतन मिळते काय, हे पाहावे. बारा महिन्यांचा खर्च आणि दहा महिन्यांचे वेतन असा मेळ बसत असेल तर तो आधीच कळलेला बरा.

उदाहरणादाखल, अभ्यासक्रम, प्रवास, कागदपत्रे आणि पहिला पगार हाती येईपर्यंतचा खर्च मिळून तीन लाख रुपये झाले आणि नोकरी लागल्यावर दरमहा २५,००० रुपये शिल्लक राहिले, असे धरू. भांडवल वसूल होण्यासच १२ महिने लागतील. करार दहा महिन्यांचा असेल तर पहिला करार तोट्यात जातो. अनुभवासाठी हा तोटा सोसण्यासारखा आहे असे कुटुंबाने ठरविले, तर तो निर्णय योग्यच. पण कमाईच्या आशेने कर्ज काढून जाणाऱ्याने हा हिशेब दोनदा मांडावा.

आहाराचा प्रश्नही आधीच सोडवावा. थायलंड आणि व्हिएतनाममध्ये वरकरणी भाजीचा दिसणारा पदार्थही पुष्कळदा माशापासून केलेल्या पातळ सॉसमध्ये शिजवलेला असतो. थायलंडमध्ये ‘जे’ असे लिहिलेल्या खाद्यगृहात मांस, अंडी आणि दूध तर नसतेच, शिवाय कांदा-लसूणही नसतो. व्हिएतनाममध्ये ‘चाय’ हा शब्द शाकाहारासाठी वापरतात. कंदमुळांचा विचार मात्र तेथे कोणी करीत नाही. त्यामुळे निवासात स्वतःचे स्वयंपाकघर असणे ही जैन मुला-मुलींच्या दृष्टीने चैन नव्हे, अत्यावश्यक बाब आहे, आणि भाड्याच्या हिशेबात ती धरावी लागते.

ज्यांना अध्यापन हाच कायमचा व्यवसाय करायचा आहे, त्यांनी आणखी एका वाटेचा विचार करावा. आखाती देशांतील भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा सामान्यतः बी.एड. झालेले शिक्षक घेतात. दोन वर्षांची ती पदवी चार आठवड्यांच्या प्रमाणपत्राइतकी आकर्षक वाटत नाही, पण ती भारतातही उपयोगी पडते आणि कोरियाच्या करारासारख्या संधींतही शिक्षकाची अधिकृत पात्रताच विचारली जाते.

पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारावयाचे प्रश्न

१. प्रमाणपत्र कोण देते आणि त्याची नोंद कोणत्या स्वतंत्र ठिकाणी तपासता येते?

२. खऱ्या विद्यार्थ्यांना किती तास शिकवावे लागेल आणि ते कोण तपासेल?

३. भारतीय पासपोर्टवर, उमेदवाराच्या प्रत्यक्ष पदवीवर आणि शालेय माध्यमावर कोणत्या देशाचा कामाचा परवाना मिळू शकतो?

४. परवाना कोण काढणार, त्याचा खर्च कोणाचा आणि तो मिळेपर्यंत उमेदवाराने कोणत्या व्हिसावर राहायचे?

५. नोकरी न मिळाल्यास किती शुल्क, किती दिवसांत परत मिळेल?

६. सध्या नोकरीत असलेल्या दोन भारतीय माजी विद्यार्थ्यांशी, संस्थेचा माणूस मध्ये न बसता, बोलता येईल काय?

७. शुल्क हप्त्यांत, काम पुढे सरकेल तसे भरता येईल काय?

हे प्रश्न मुलाने किंवा मुलीने स्वतः, स्वतःच्या इंग्रजीत लिहून पाठवावेत; वडीलधाऱ्यांनी फक्त उत्तरे सोबत बसून वाचावीत. परक्या देशात एकटे राहून करार करावयाचे असतील तर पहिला सराव घरातच व्हावा. चांगली संस्था या प्रश्नांनी दुखावत नाही. ती आकडे, नावे आणि कागद पाठवते. जिच्याकडून उत्तराऐवजी ‘जागा थोड्याच उरल्या आहेत, सवलत आज रात्रीपर्यंतच’ असा निरोप येतो, तिच्या खात्यात पैसे जमा न करणे इष्ट. अशा वेळी तरुणाची इच्छा मोडू नये. संस्था बदलावी, आणि तोपर्यंत पदवीची कागदपत्रे व पोलीस पडताळणीचे काम सुरू करून ठेवावे. पुढच्या कोणत्याही देशासाठी ते वाया जात नाही.